नवरीच्या अंगरख्यातला लाल टाका

१

नवरीच्या छातीवरचे हिरे गेले, हे बराच वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही. कारण तिचा अंगरखा नीट मिटलेला होता.

एवढं समजून घ्या, सगळी भानगड तिथेच आहे. आम्हा न्योन्या, म्हणजे मलाक्क्यात मुरलेल्या जुन्या चिनी घराण्यांतल्या, बायकांच्या अंगरख्याला गुंडी नसते, काज नसतं, नाडी नसते. समोरून तो मिटतो तीन पिनांवर. वरची मोठी, तिला आम्ही आई म्हणतो. खालच्या दोन लहान, ती तिची लेकरं. पिना काढल्या की अंगरखा दाराच्या फळ्यांसारखा दोन बाजूंना पडतो. चोरानं पिना काढल्या म्हणजे नवरी उघडी पडायला हवी होती. ती पडली नाही. मातीचीच बाहुली ती, माणसाच्या उंचीची, पण उभी होती अगदी घरंदाज, अंग झाकून.

संग्रहालयाचे लाझारू साहेब कुठल्याशा पाहुण्याला घेऊन त्या खोलीत गेले. दिवा लावला, "आणि हे आमच्या मलाक्क्याचं वैभव" म्हणून हात पुढे केला, आणि हात तसाच राहिला. जिथे हिरे चमकायचे तिथे पिवळ्या जाड रेशमावर लाल दोऱ्याचे बारीक टाके होते.

ओरडणं ऐकून आम्ही सगळे मागच्या दालनातून धावलो. साहेबांनी दारात हात आडवे धरले.

"कुणी आत यायचं नाही! कशालाही हात लावायचा नाही. पोलीस येतील, ठसे घेतील."

मग सगळ्यांच्या डोक्यावरून त्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं.

"फोंग यी, या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे, साहेब."

फोंग यी म्हणजे माझी सून.

२

मी सुआट, आमच्यात म्हाताऱ्या बाईला बिबिक म्हणतात म्हणून बिबिक सुआट. शाळेची पायरी मी चढले ती धाकट्या भावाचा डबा पोचवायला. पण हे सगळं मीच सांगणार, कारण मलाक्क्यात त्या दिवसाच्या इतक्या गोष्टी फिरल्या की एकीत तर चोर मीच होते.

त्या दिवशी संग्रहालयानं आम्हा जुन्या बायकांना सणाच्या जेवणाचं लांब टेबल मांडून दाखवायला बोलावलं होतं. घर म्हणजे आमच्यासारख्याच एका बाबा घराण्याचं जुनं घर; आमच्यात बायका न्योन्या, तसे पुरुष बाबा. वारस सिंगापूरला गेले, घर संग्रहालयवाल्यांनी घेतलं. आणि आम्हाला बोलावून वर तिकीट मागितलं! दारात बसली होती माझीच सून.

"मा, तिकीट."

"असल्या खुर्च्यांवर माझ्या घरी मांजरी झोपतात. त्या बघायचे मी पैसे देऊ?"

"नियम आहे, मा. साहेबांनासुद्धा भावाचं तिकीट काढावं लागतं."

बाईनं सासूकडून दोन रिंगिट वसूल केले आणि पावती फाडून दिली. राग आला. जरा बरंही वाटलं, पण ते मी तिला कशाला सांगू?

माझ्या लेकानं, बून लियोंगनं, तिला इपोहून आणली. हक्का लोकांची पोर, सरळ बोलणारी, सरळ चालणारी. आमच्याकडची एक रीत तिला येईल तर शपथ. पाहुण्यांना ती सगळं पाठ केल्यासारखं सांगायची, सांगायची बरोबर, पण हाताला त्यातलं काही नाही. लग्नाच्या दिवशी तिचा केबाया, म्हणजे आखूड अंगरखा, मीच पिना लावून मिटला, कारण ही बया पिन हातात घेऊन विचारत होती, "मा, टोक कुठल्या बाजूला?"

तर ती आम्हाला घर दाखवत नवरीच्या खोलीशी आली. लाल पडदे, लाल गोंडे, नक्षीचा पलंग, पलंगापुढे नवरी. छातीवर तीन पिना, पानाएवढी आई आणि खाली दोन लेकरं. हिरे असे की दिवा नको. मी पलंगाकडे वळले आणि माझं डोकं फिरलं.

"हे कुणी केलं?"

पलंगाच्या पडद्याला एक रफू होतं. पांढऱ्या दोऱ्याचं.

"मी, मा. फाटला होता."

"नवरीच्या पलंगाला पांढरा दोरा? कोण मेलंय इथे? पांढरा, निळा, काळा हे दुखवट्याचे रंग, ते नवरीच्या वाऱ्याला उभे करत नाहीत. एवढंही ठाऊक नाही?"

"माझ्या डब्यात पांढरंच रीळ आहे. आणि दोरा तो दोरा, मा."

"दोरा तो दोरा! ऐकलंस गं, गेक?"

गेक चू उंबऱ्याबाहेर बाकावर बसली होती. माझी बालमैत्रीण, धाकट्या बहिणीच्या ठिकाणी. तिचा नवरा गेला तेव्हापासून ती दुखवट्यात, आता शेवटचा महिना उरला होता. अंगावर हिरवा केबाया, तो तर सणालाही चालतो. दुखवट्याच्या खुणा राहिल्या होत्या दोनच. छातीवर हिऱ्यांच्या जागी चांदीत बसवलेले मोती, आणि पायात निळ्या मण्यांच्या सपाता. मोती म्हणजे आसवं. ती आसवं घालून नवरीच्या खोलीत आमची बाई पाऊल टाकत नाही, मग नवरी मातीची का असेना.

"मी इथूनच बघते, ताची," ती म्हणाली. ताची म्हणजे ताई. मग हळूच, "आईच्या पिना अजून तशाच चमकतात का गं?"

त्या पिना तिच्या आईच्या. भावानं संग्रहालयाला दिल्या, बहिणीला न विचारता.

"चमकतात. तुझ्या भावाच्या नावाची पाटी त्याहून जास्त चमकते."

ती हसली. फोंग यीनं खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वयंपाकघराशेजारच्या कोठीत खिळ्याला अडकवली. तिथेच आमच्या पिशव्या, चटण्यांच्या बरण्या, पाण्याचे ग्लास. दुपारभर प्रत्येक जण तिथे एकदा तरी हात घालून गेला.

मी सांबालची चटणी वाटत होते. जुन्या वस्तूंचा व्यापारी बाबा केंग चौकात चांदीचा कमरपट्टा दुरुस्त करत होता. लाझारू साहेब टेलिफोनवर. गेकनं डोकं जड झालं म्हणून सांगितलं आणि पुढच्या बाकावर जाऊन टेकली. जेवायला बोलावलं तेव्हा आली, आणि बुआ केलुआकची कोंबडी वाढता वाढता मी तिला हसले.

"गेक, आईला लेकरांच्या पायाशी बसवलंस? चष्मा कुठे विसरलीस?"

तिची मोत्यांची मोठी पिन खाली गेली होती आणि लहान दोन वर. तिनं खाली पाहिलं, कानांपर्यंत लाल झाली, आणि तिथेच काढून नीट लावली.

मी हसले आणि विसरले. ते पुढे वेळेवर आठवलं नसतं, तर हीच माझी मोठी चूक ठरली असती.

३

लाझारू साहेबांनी सगळ्यांना मोठ्या दालनात बसवलं. माणूस वाईट नाही. पोर्तुगीज वस्तीतला, रविवारी चर्च, सोमवारी टापटीप. पण नियमावर बोट ठेवलं की दुसरं काही दिसायचं नाही.

"संध्याकाळी दार बंद करायच्या आत पिना माझ्या हातात आल्या तर ठीक. नाही तर मी चौकीला फोन करीन, आणि किल्ली जिच्या ताब्यात होती तिचं नाव देईन. माझा इलाज नाही."

"किल्ली खिळ्याला होती," मी म्हटलं. "तुम्हीसुद्धा पाणी प्यायला तिथे गेला होतात."

"मी?" साहेब ताठ झाले.

"मग काय तुमच्यावर पाणी उडत आलं?"

पिशव्या तपासल्या. सगळ्यांत आधी सुनेची. तिनं स्वतःच टेबलावर उलटी केली. कंगवा, बसचं तिकीट, लाडूसारखी गुंडाळलेली पावसाची टोपी. शिवणाचा डबा. डब्यात सुया आणि एकच रीळ. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे, नाक मात्र लाल झालं होतं.

"मा, तुम्हालाही वाटतंय ना मीच घेतल्या म्हणून? तुम्हाला मी कधीच आवडले नाही."

"आवडणं हा वेगळा विषय आहे. नाक पूस."

"उद्या पेपरात नाव येईल. बून लियोंग जहाजावर आहे, त्याला कोण सांगणार?"

ते मलाही ठाऊक होतं. मलाक्का केवढंसं गाव. चौकीची पायरी चढलेली बाई निर्दोष सुटली तरी बाजारात तिच्यामागे नजरा चालतात. आणि नाव माझ्या घराचं.

मी उठले, थेट नवरीच्या खोलीच्या दाराशी गेले.

"बिबिक! आत नाही!"

"आत कोण जातंय? माझे डोळे जातील."

डोळे माझे अजून बारीक मणी ओवतात. उंबऱ्यावरून वाकून पाहिलं. टाके अगदी बारीक, सारखे, गाठ आत दडवलेली. आमच्या सपाता शिवणाऱ्या हातांचे. आणि दोरा लाल. पिवळ्या रेशमावर कुंकवाच्या रेघेसारखा उठून दिसणारा लाल. मग पलंगाकडे नजर गेली. पडद्याचा एक लाल गोंडा इतरांपेक्षा बारीक झाला होता. त्यातला एक पदर कुणी तरी ओढून काढला होता.

मी मागे वळले.

"साहेब, फोनवरचा हात काढा. माझ्या सुनेनं हे केलेलं नाही, आणि त्याची साक्ष या खोलीतच लटकते आहे."

४

"असं बघा," मी सगळ्यांसमोर बोलले. "चोराला घाई असते. अंगरखा मिटायचा तर हाताला येईल तो दोरा घ्यायचा. किल्लीच्या खिळ्याखालीच माझ्या सुनेचा डबा, त्यात सुया आणि पांढरं रीळ. पिवळ्यावर पांढरा दोरा दुरून दिसलाही नसता. मग चोर गोंड्यातला लाल पदर उपसत का बसला?"

मी सगळ्यांवरून एक नजर फिरवली.

"कारण पांढरा दोरा त्याला नवरीच्या छातीवर चालणार नव्हता. चोरी चालली, पण पांढरा दोरा नाही! आता माझ्या सुनेकडे या. पडद्यावरचं ते रफू बघा. हिनं नवरीच्या पलंगाला बिनदिक्कत पांढरा दोरा घातला, आणि मी ओरडले तर मलाच सांगते, दोरा तो दोरा. ही चोरी करती तर नवरीला पांढऱ्यानं शिवून, डबा बंद करून, चहा प्यायला आली असती. शिवाय तिच्या हातचे टाके बघा, म्हैस बांधलेली दिसेल."

"मा!" फोंग यी म्हणाली. रडायच्या बेतात होती, तिथे हसू आलं.

"गप्प बैस, तुझी बाजू घेतेय."

लाझारू साहेबांनी पडदा पाहिला, टाके पाहिले. "म्हणजे चोर तुमच्या लोकांपैकी."

"आमच्याच. तुमच्याकडे तर नवरीच पांढऱ्या कपड्यात असते. तुम्ही सुटलात."

साहेब सावकाश बाबा केंगकडे वळले. केंगचा चेहरा उतरला होता. आई त्याची नावाजलेली सपातावाली, आणि जुन्या सपाता दुरुस्त करून विकतो हा स्वतःच. त्या पिनांवर त्याचा डोळा होता हेही उघड, दोनदा किंमत विचारली होती.

"पिशवी," साहेब म्हणाले.

"बिबिक, सांगा ना यांना! मी तुमच्या मांडीवर खेळलेला..."

"मांडीवर खेळलास तेव्हाही माझी अंगठी तोंडात घातली होतीस. उघड."

त्यानं पिशवी उघडली. पक्कड, चांदीची तार, मेण, सुया. आणि तळाशी लाल दोऱ्याचं भरलेलं रीळ.

दालनात एकदम गलका झाला. साहेबांनी टेलिफोनची चकती फिरवायला बोट घातलं.

"थांबा!" मी ओरडले. "तुम्ही शिकलेली माणसं, जरा दम धरा. रीळ पूर्ण भरलेलं आहे, पहिला वेढासुद्धा सुटलेला नाही. आणि लाल दोरा ज्याच्या पिशवीत आहे तो गोंडा कशाला उसवेल?"

केंगनं घाम पुसला. साहेबांनी बोट काढलं, पण घड्याळाकडे पाहिलं.

"मग कोण राहिलं, बिबिक?"

बाकीच्या बायका, पाण्याला उठल्या तेवढं सोडलं तर, घर बघून झाल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर टेबलाशी होत्या, चमचे कुठल्या हाताला यावर भांडत. मणी ओवणारे हात उरले दोघींचे. एक मी. आणि दुसरी, जी त्या खोलीत पाऊल टाकूच शकत नव्हती.

५

मी चौकात जाऊन उभी राहिले. विचार पुढे जाईना. गेक दुखवट्यात. मोती घालून ती त्या खोलीत गेली असेल, असं मला कुणी शपथेवर सांगितलं तरी मी थोबाडीत दिली असती.

मोती घालून.

आणि मला जेवणाच्या टेबलावरची तिची पिन आठवली. खाली आई, वर लेकरं.

न्योन्या बाई वयात आल्यापासून रोज सकाळी पिना लावते. अंधारात लावील, तापात लावील, चुकणार नाही. सकाळी तर गेकच्या पिना नीटच होत्या, मी स्वतः पाहिल्या. मधल्या वेळात तिनं त्या काढल्या आणि परत लावल्या. आरसा नसताना, घाईघाईत. भर दुपारी, परक्या घरात बाई छातीवरच्या पिना का काढील? जिथे मोती नेता येत नाहीत तिथे जायचं असेल तरच. आणि त्या घरात तशी जागा एकच.



ती स्वयंपाकघरात एकटी बसली होती, पुढ्यात न प्यालेला चहा.

"गेक."

"ताची."

"सुनेला पोलीस नेणार आहेत माझ्या."

तिनं मान खाली घातली. "मला तसं वाटलं नव्हतं. मला वाटलं, कुणाच्या लक्षातच येणार नाही. महिनाभर तर नाही." बराच वेळ ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "माझ्या लग्नात माझा अंगरखा कुणी मिटला होता, आठवतं?"

न आठवायला काय झालं? जपान्यांचे दिवस. घरात लग्नाची मुलगी ठेवायची भीती, म्हणून मिळेल त्या मुलाशी घाईनं लग्नं लावायचे. गेकच्या आईनं दागिने चुलीखाली पुरले होते. उकरून काढायचे तर शेजारी खबऱ्या. गेक उसन्या अंगरख्यात नवरी झाली, आणि तो अंगरखा मी मिटला, तीन सेफ्टी पिनांनी.

"आई म्हणाली होती, हे दिवस जाऊ देत, पिना तुझ्याच आहेत," गेक म्हणाली. "दिवस गेले. आई गेली. दादानं पिना या संग्रहालयाला दिल्या. माझा म्हातारा म्हणायचा, एकदा मला तुला त्या घातलेलं बघायचंय. तोही गेला. दुखवटा फिटला की मी फक्त एकदा..."

"आता त्या कुठे आहेत?"

बाहेरून लाझारू साहेबांचा आवाज आला, "बिबिक सुआट! वेळ झाली!"

एका बाजूला बहिणीसारखी मैत्रीण. दुसऱ्या बाजूला ती हक्का पोर, जिच्याशी मी लग्नापासून भांडत आले होते. मी चहाचा कप उचलून मोरीत ओतला.

"गेक, मी बाहेर जाऊन सगळं सांगणार. तुझं नाव सोडून सगळं. ते तू ठरव."

६

सगळे दालनात उभे होते. साहेबांच्या हातात टेलिफोन, फोंग यी भिंतीशी.

"पिना घरातच आहेत," मी म्हटलं. "इतकंच काय, त्या खोलीतून बाहेर आलेल्याच नाहीत."

"तुम्हाला कसं माहीत?"

"ज्या बाईनं हे केलं ती दुखवट्यात होती. उंबऱ्याबाहेर तिनं मोती काढले, निळ्या सपाता काढल्या, मगच आत गेली. चोरी करायला जातानासुद्धा नवरीचं अमंगळ होऊ नये म्हणून! बाहेर आल्यावर मोती परत घालायचे होते. दुखवट्याच्या अंगावर नवरीचे हिरे ती वागवील? पिशवीत मोत्यांशेजारी टाकील? प्राण गेला तरी नाही. दुखवटा फिटेपर्यंत ते तिला खोलीतच ठेवायचे होते."

"खोलीत कुठे?"

मी तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण बायका बाजूला सरकत होत्या.

गेक चू सगळ्यांच्या मधून चालत नवरीच्या खोलीच्या दाराशी आली. बाकावर बसली. सपाता काढल्या आणि जोडी नीट लावून ठेवली. मग छातीवरचे मोती काढले, आई, मग एक लेकरू, मग दुसरं, आणि माझ्या हातात दिले. केबाया मुठीत धरून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"ताची, सेफ्टी पिन आहे का गं?"

माझ्या रुमालात नेहमी असतात. मी लावल्या. तीन. बोटं माझीच, छाती तीच, मधे अख्खं आयुष्य गेलेलं.

ती आत गेली. लाझारू साहेब अडवायला पुढे झाले, तर फोंग यी मधे आली.

"साहेब, राहू द्या. ती ठशांपेक्षा बरी सांगतेय."

गेकनं केसातली सुई काढली आणि टाके एकेक करून उसवले. अंगरखा दोन्हीकडे सरकला. आत, नवरीच्या आतल्या झग्यावर, काळजाजवळ, तिन्ही पिना लावलेल्या होत्या. आई वर, लेकरं खाली. नीट.

"तिला पिनांवाचून ठेवायचं जिवावर आलं," गेक म्हणाली. "ते कसं असतं मला ठाऊक आहे."

साहेबांच्या हातातला टेलिफोन कधीचा गुरगुरत होता.

"ही चोरीच आहे," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "हेतू तर होता..."

"चौकीला काय लिहून देणार?" मी विचारलं. "नवरीच्या पिना नवरीच्या अंगावर सापडल्या, म्हणून? हवालदार तुमच्याच तोंडाचा वास घेईल. आणि हेतूचं म्हणाल, तर ज्या बाईच्या आईच्या पिना, तिला एकदा विचारायचा हेतू तुमचा कधी होता का?"

साहेबांनी टेलिफोन खाली ठेवला. चष्मा पुसला. खोलीत गेलेली गेक, भिंतीशी उभी माझी सून, दोघींकडे पाहायचं त्यांना जड जात होतं.

"फोंग यी, मी तुझ्यावर..."

"मोठ्यानं," मी म्हटलं. "नाव घेताना मोठ्यानं घेतलंत ना?"

त्यांनी सगळ्यांसमोर, मोठ्यानं माफी मागितली. सुनेनं मान हलवली आणि लगेच म्हणाली, "साहेब, किल्लीला आजपासून खिळा नको. माझ्या कमरेला राहील."

गेकचा दुखवटा फिटला त्या सकाळी संग्रहालय उघडायच्या आधी आम्ही तिघी आत गेलो. साहेब स्वतः दार उघडून बाहेर उभे राहिले, पाठ करून. गेकच्या अंगावर गुलाबी अंगरखा होता. फोंग यीनं नवरीच्या पिना काढल्या आणि गेकला लावायला घेतल्या. मी मुद्दाम हात लावला नाही. पोरगी जीभ दातात धरून लावत होती.

"मा, टोक कुठल्या बाजूला?"

"अजून विचारतेस?"

गेक आरशापुढे उभी राहिली. आरशातल्या बाईला तिनं फार वेळ पाहिलं, केसांवरून हात फिरवला, आणि मग स्वतःच पिना काढून नवरीला लावल्या, वर, सगळ्यांना दिसतील अशा.

निघताना फोंग यीनं पिशवीतून नवं लाल रीळ काढलं आणि पलंगाच्या पडद्याशी बसली. पांढरं रफू उसवायला कात्री टेकवली.

"ठेव ती कात्री," मी म्हटलं.

"पण मा, तुम्हीच म्हणाला होतात, नवरीच्या पलंगाला पांढरा..."

"म्हणाले होते. दुसरा पांढरा घालशील तर हात मोडीन." मी पडदा झटकून सारखा केला, रफू वर येईल असा. "हा राहू दे. तुझ्या बाजूनं साक्ष दिलेला टाका आहे तो."